औषधाला जेलमध्ये टाकण्याचा उद्योग

सकाळी अकराला सिरिंज पंप सुरू केला, संध्याकाळी पाचला बंद केला, जे काही गोळा झालं होतं ते तेलातून पाण्यात आणलं, धुतलं, सेंट्रिफ्यूज फिरवला आणि ट्यूब उजेडासमोर धरली. आत पाणी. नुसतं स्वच्छ पाणी. तळाशी जेलच्या गोळ्यांचा जो पांढुरका थर दिसायला हवा होता त्याचा पत्ताच नाही. आणि दिवसभर मायक्रोस्कोपखाली मी ज्यांचे ते गोळे व्हायचे होते त्याच थेंबांकडे बघत बसले होते, एका रांगेत, एका मापाचे, माळेत ओवल्यासारखे चाललेले, त्यांचा व्हिडिओ काढला आणि शहाणपणा करून गाइडला पाठवलासुद्धा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तर मी करते काय ते आधी सांगते. हायड्रोजेल म्हणजे पाणी पिऊन फुगलेलं पॉलिमरचं जाळं. लांब लांब साखळ्या असतात, त्या मध्येमध्ये एकमेकींना बांधलेल्या असतात म्हणून पाण्यात विरघळून जात नाहीत, नुसत्या फुगतात. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स याच घराण्यातली. (ओटो विख्तरले यांनी त्या लेन्ससाठी लागणाऱ्या जेलबद्दल ड्राहोस्लाव लिम यांच्यासोबत १९६० मध्ये पेपर लिहिला आणि १९६१ च्या नाताळात घरी बसून, मुलांच्या खेळण्यातल्या मेकॅनोसारख्या सेटमधून मशीन जुळवून लेन्स ओतून काढल्या. लॅबमध्ये बजेट नाही म्हणून रडायला लागले की मी हे स्वतःला आठवून देते.)

माझं काम या जाळ्याचे बारीक गोळे करायचं (बारीक चॅनेल असलेल्या डिव्हाइसमध्ये तेलात पाण्याचे थेंब पाडायचे आणि त्या थेंबांचं जेल करायचं), साधारण ५० मायक्रॉनचे, म्हणजे बारीक केसाच्या जाडीएवढे, त्यात औषध भरायचं आणि असं काहीतरी जमवायचं की तापमान, पीएच, ग्लुकोज अशा कुठल्यातरी इशाऱ्यावर गोळा आकसेल किंवा फुगेल आणि मगच औषध बाहेर पडेल. मराठीत हे सांगायला फार सोपं जातं कारण शब्द एकच आहे, औषधाला जेलमध्ये टाकायचं आणि ऑर्डर आली की सोडायचं. या विषयावरचे बरेचसे पेपर त्या दाराबद्दल असतात, दार किती हुशार आहे, कोणत्या किल्लीने उघडतं वगैरे. दोन वर्षं हे केल्यावर माझं मत असं झालंय की दाराचं कौतुक जरा कमी करावं आणि गजांमधून कैदी आरामात निघून जातोय का ते आधी बघावं. पण ते पुढे.

लोक पहिला प्रश्न विचारतात तो हा की एवढ्या बारीक चॅनेलचा द्राविडी प्राणायाम कशाला, बीकरमध्ये तेल-पाणी घालून जोरात ढवळलं तरी थेंब होतातच की. होतात ना. पण जेलचं एक गणित आहे. एमआयटीत टोयोइची तानाका यांनी १९७८ मध्ये दाखवलं की जेलच्या आजूबाजूची परिस्थिती थोडीशी बदलली की जेल हळूहळू नाही तर एकदम, उडी मारल्यासारखं आकसू शकतं, आणि पुढच्याच वर्षी फिलमोर यांच्याबरोबर हेही मांडलं की फुगायला लागणारा वेळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे मिलिमीटरभराच्या गोळ्याला एक तास लागत असेल तर ५० मायक्रॉनचा गोळा २० पट लहान, वेळ ४०० पट कमी, नऊ सेकंद. म्हणून बारीक हवेत. आणि याच कारणासाठी सारखे हवेत, कारण बीकरमध्ये ढवळलं की १० मायक्रॉनचेही होतात आणि १०० चेही, आकारात दहापट फरक म्हणजे वेळेत शंभरपट. मग औषध सुटण्याचा जो गुळगुळीत ग्राफ येतो तो नेमका कोणाचा? कोणाचाच नाही, सगळ्या गर्दीची ती सरासरी. डिव्हाइसमध्ये मात्र नीट चाललं तर थेंबांच्या व्यासातला फरक पाच टक्क्यांच्या आत राहतो.

एक कबुली इथेच देऊन टाकते. मायक्रॉनपेक्षा लहान गोळे हवे असतील तर डिव्हाइस लागतच नाही. पेल्टन आणि शिबांत यांनी १९८६ मध्येच गरम पाण्यात मोनोमर, म्हणजे पॉलिमरच्या साखळीचे सुटे मणी, घालून एकाच भांड्यात एकसारखे मायक्रोजेल काढून दाखवले होते. चॅनेलचा खटाटोप दहा मायक्रॉनच्या वरच्यांसाठी.

डिव्हाइस बनवण्याची गोष्ट थोडक्यात, कारण ती सगळीकडे सारखीच आहे. सिलिकॉन वेफरवर एसयू-८ नावाच्या, उजेडाने घट्ट होणाऱ्या रेझिनचा साचा, त्यावर पीडीएमएस नावाचं पारदर्शक रबर, बेस आणि क्युअरिंग एजंट १० ला १, फेटताना आत गेलेली हवा व्हॅक्यूममध्ये काढायची, ओव्हनमध्ये ठेवायचं, सोलून काढायचं, भोकं पाडायची, प्लाझ्मा (विजेने चेतवलेला वायू) मारून काचेवर चिकटवायचं. हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या ग्रुपने ही पद्धत १९९८ च्या सुमारास रुळवली आणि तेव्हापासून क्लीनरूम, म्हणजे धूळमुक्त खोली, नसलेल्यांचंही भागतंय. एकच गोष्ट नवख्यांना कोणी सांगत नाही, प्लाझ्मा मारला की चॅनेलच्या भिंती पाण्याच्या प्रेमात पडतात आणि मग थेंब सुटेचना, पाणी भिंतीला चिकटून नुसतं ओघळत जातं. म्हणून भिंतींना परत पाणी नको वाटेल असं काहीतरी लावायचं. आम्ही अ‍ॅक्वापेल लावतो, हो, तेच जे गाडीच्या काचेवर पावसाचं पाणी टिकू नये म्हणून लावतात.

मग तेल. नमनाला घडाभर तेल ही म्हण आमच्याच फील्डमधल्या माणसाने काढली असावी, कारण थेंब यायच्या आधी चॅनेल तेलाने भरून घ्यायला लागतो आणि पाणी मागून सोडायचं, उलटं केलं की संपलंच. आमचं तेल फ्लोरिनेटेड, एचएफई-७५००, पाण्यापेक्षा दीडपटीहून जास्त जड, त्यामुळे थेंब त्यात बुडत नाहीत, वर येऊन सायीसारखे जमतात. मधल्या चॅनेलमधून पाण्याची बारीक धार येते, दोन्ही बाजूंनी तेल येऊन तिला अरुंद गळ्यात चिमटीत धरतं, धार निमुळती होते, मान बारीक होत होत तुटते आणि थेंब सुटतो. तेल चिकट आणि वेगात असेल तर धार ओढली जाते, पृष्ठताण तिला गोळा करून धरायला बघतो, या दोघांच्या रस्सीखेचीला कॅपिलरी नंबर म्हणतात आणि तो आवाक्यात असेपर्यंत थेंब टपटप एका मापाचे पडतात. वेग वाढवला की गळ्यापाशी तुटायच्या ऐवजी धार लांब जाते आणि कुठेतरी पुढे मनाला येईल तशी तुटते, मग माप गेलं. पंपाची मोटर पावलं टाकत चालते ना, फार हळू फ्लो ठेवला तर तेही थेंबांमध्ये दिसतं, एक मोठा एक लहान, एक मोठा एक लहान, लंगडत चालल्यासारखं.

हे सगळं पहिल्या महिन्यात जमलं आणि मला वाटलं झालं काम. पण घोडं खरं पुढेच अडतं, कारण थेंब म्हणजे जेल नाही. थेंबाचं जेल नेमकं कधी व्हायचं हा सगळा खेळ आहे. लवकर झालं तर चॅनेल तुंबतो, उशिरा झालं तर थेंब एकमेकांत मिसळून जातात.

लवकरचा अनुभव अल्जिनेटने दिला. अल्जिनेट समुद्री शेवाळातून मिळतं आणि कॅल्शियम दिसलं की क्षणात जेल होतं, साखळ्यांमधल्या खाचांत कॅल्शियमचे आयन अंड्यांच्या ट्रेमध्ये अंडी बसावीत तसे बसतात आणि दोन साखळ्या जोडल्या जातात. मी एका बाजूने अल्जिनेट, दुसऱ्या बाजूने कॅल्शियम क्लोराइड आणलं आणि थेंब तुटायच्या जरा आधी दोघांची गाठ घालून दिली. गाठच बसली. मिनिटभरात जंक्शनपाशी एक पारदर्शक दोरा दिसायला लागला, वाढत वाढत मागे सरकला, प्रेशर चढलं आणि ट्यूब फट्कन निघून तेल माझ्या चष्म्यावर. यावर उपाय आहे आणि तो मला फार आवडतो: कॅल्शियम मोकळं द्यायचंच नाही, ईडीटीए या कॅल्शियम पकडून ठेवणाऱ्या रसायनाच्या मिठीत बांधून अल्जिनेटमध्येच घालायचं, मग थेंब निवांत बनू द्यायचा आणि नंतर तेलातून थोडं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सोडायचं. अ‍ॅसिड थेंबात शिरलं की ईडीटीएची पकड ढिली होते, कॅल्शियम सुटतं आणि थेंबभर एकसारखं जेल होतं.

उशिराचा, खरं तर कधीच न होण्याचा अनुभव म्हणजे ती रिकामी ट्यूब. तेव्हा मी पीनिपॅमवर आले होते. पूर्ण नाव पॉली-एन-आयसोप्रोपिल-अ‍ॅक्रिलअमाइड, कोणी म्हणत नाही. हे पॉलिमर ३२ अंश सेल्सिअसच्या खाली पाणी धरून ठेवतं आणि वर गेलं की टाकून देतं, कारण थंड असताना पाण्याचे रेणू साखळीभोवती शिस्तीत बसलेले असतात आणि गरम झालं की ती शिस्त परवडत नाही, पाणी निघून जातं आणि साखळीचे पाणी नको असलेले भाग एकमेकांना चिकटतात. मी मोनोमर, क्रॉसलिंकर (साखळ्या एकमेकींना बांधणारा) आणि फोटोइनिशिएटर (उजेड पडला की रिअ‍ॅक्शन सुरू करणारा) घालून थेंब केले, चॅनेलमध्येच त्यांच्यावर यूव्ही मारला आणि बाहेर घेतले. थेंब सुंदर. जेल शून्य.

चोर निघाला ऑक्सिजन. यूव्हीने जे फ्री रॅडिकल तयार होतात ते साखळी वाढवायच्या आधीच ऑक्सिजन गिळून टाकतो, आणि पीडीएमएसमधून हवा आरपार येते, फ्लोरिनेटेड तेलात तर ऑक्सिजन भरपूर विरघळतो. म्हणजे मी माझे थेंब चारी बाजूंनी ऑक्सिजनमध्ये बुडवून वरून यूव्ही मारत होते. एमआयटीतल्या पॅट्रिक डॉयल यांच्या ग्रुपने २००६ मध्ये याच गोष्टीचा उपयोग करून घेतलाय, चॅनेलच्या भिंतीलगत ऑक्सिजनमुळे जो पातळ थर कच्चा राहतो त्याच्यावरून त्यांचे जेलचे कण न चिकटता घसरत पुढे जातात. त्यांना पावलं ते मला नडलं. मी तेलात नायट्रोजनचे बुडबुडे सोडून बघितले, काही थेंब झाले, काही लिबलिबीत राहिले, एक ना धड. शेवटी यूव्हीचा नाद सोडला. आता पाण्यात अमोनियम परसल्फेट घालते, रॅडिकल देणारं, तेलात टेमेड, त्याला चालना देणारं, टेमेड दोन्हींत विरघळतं म्हणून थेंब झाल्यावर तेलातून हळूच आत जातं आणि तिथे रिअ‍ॅक्शन सुरू होते. चॅनेलमध्ये काही होत नाही, जे व्हायचं ते ट्यूबमध्ये. फक्त ट्यूब बर्फात ठेवायची, कारण रिअ‍ॅक्शनची स्वतःची उष्णता असते आणि ३२ च्या वर गेलं तर जाळं तयार होता होताच आकसून ढेकूळ होतं, पांढरं, खडबडीत, एकजीव नसलेलं. हे मला बर्फ संपला त्या दिवशी कळलं.

पहिल्यांदा खरे गोळे मिळाले तेव्हाचं सांगते. स्लाइडवर पाण्यात पाच-सहा गोळे, खाली हीटिंग स्टेज, २५ अंश. इतके पारदर्शक की कड शोधायला लागते. ३० ला काही नाही. ३१, काही नाही. ३२ च्या पुढे गेल्यावर कडा गडद व्हायला लागल्या आणि बघता बघता ८० मायक्रॉनचा गोळा ४० वर आला, व्यास निम्मा म्हणजे आकारमान एक अष्टमांश. परत थंड केलं, परत फुगला. मी हे अकरा वेळा केलं, त्यातले आठ नुसते मजा म्हणून. मग जरा घाई केली, स्टेज एकदम ४५ वर नेला, तर गोळा आकसायच्या ऐवजी त्याच्या अंगावर फोड आले. बाहेरची साल आधी आकसून घट्ट झाली आणि आतलं पाणी आतच अडकलं, वाट मिळेल तिथून साल फुगवत बसलं. म्हणजे जे दार गरम केल्यावर उघडायला हवं होतं तेच बाहेरून कडी लागल्यासारखं झालं.

आणि ३२ या आकड्याचा अजून एक घोळ आहे ज्याकडे बरेच पेपर कानाडोळा करतात. शरीर आधीच ३७ ला आहे! गोळा आत गेला की लगेच आकसणार, इशाऱ्याची वाट वगैरे काही नाही. म्हणून अ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिडसारखं पाणी आवडणारं काहीतरी मिसळून ते तापमान वर, ४० च्या आसपास न्यायचं, म्हणजे बाहेरून तो भाग तापवला तरच आकसेल. पण अ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिड घातलं की जेल पीएचवरही नाचायला लागतं, कारण पीएच चाराच्या बराच वर गेला की त्याच्यावर ऋण चार्ज येतो आणि जाळं स्वतःलाच ढकलून फुगवतं. एक किल्ली मागितली होती, दोन मिळाल्या, त्याही एकमेकींच्या आड येणाऱ्या.

आता गजांचं. औषध म्हणून मी सुरुवातीला मेथिलीन ब्लू वापरत होते, खरं औषध वाया घालवायला नको आणि निळा रंग डोळ्यांनी दिसतो. त्याचा रेणू नॅनोमीटरभराचा आणि फुगलेल्या जेलची जाळी कित्येक नॅनोमीटरची, म्हणजे कैदी मांजराएवढा आणि गज हत्तीच्या पिंजऱ्याचे. साध्या पीनिपॅममध्ये भरलं तर धुतानाच सगळं निळं पाणी वर, गोळे पांढरेफटक. अ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिडवाल्यात मात्र टिकलं, कारण मेथिलीन ब्लूवर धन चार्ज असतो. तीनदा धुतलं, वरचं पाणी स्वच्छ, गोळे गर्द निळे, मी खूश. मग शरीरातल्यासारखं वातावरण हवं म्हणून सलाईनचा बफर घातला, आणि न तापवता, पीएच न बदलता, मिनिटभरात पाणी निळं. मिठातल्या सोडियमने जाऊन मेथिलीन ब्लूच्या सगळ्या जागा बळकावल्या होत्या. नुसत्या पाण्यात काढलेले सुंदर रिलीजचे ग्राफ बघितले की आता मी आधी मेथड्सच्या सेक्शनमध्ये जाऊन मीठ शोधते.

गंमत म्हणजे याच गळतीवर चालणारं एक प्रॉडक्ट डॉक्टर वापरतात. डीसी बीड नावाचे पीव्हीए या पॉलिमरचे गोळे, १०० ते ३०० मायक्रॉन किंवा त्याहून मोठे, त्यात डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरवरचं औषध चार्जच्या जोरावर भरतात आणि यकृतातल्या गाठीला रक्त पुरवणाऱ्या धमनीत सोडतात. गोळे धमनी बुजवतात आणि रक्तातले क्षार औषध हळूहळू सोडवत राहतात. दार नाही, किल्ली नाही. पण तिथे गोळा अडकणं हेच काम आहे. माझे ५० मायक्रॉनचे गोळे हाताच्या शिरेत टोचले तर ते थेट फुप्फुसात जाऊन अडकतील, तिथल्या केशवाहिन्या ५ ते १० मायक्रॉनच्या असतात. त्यामुळे कोणी अशा गोळ्यांच्या पेपरात शेवटी रक्तातून पेशीपर्यंत औषध नेण्याची चित्रं काढली की मला हसू येतं. सांध्यात, गाठीत, त्वचेखाली टोचायचं किंवा पोटातून द्यायचं, एवढंच त्यांचं राज्य.

आणि किती बनतात? ५० मायक्रॉनच्या थेंबाचं आकारमान ६५ पिकोलिटर. सेकंदाला हजार थेंब, हा बरा वेग झाला, तर तासाला पाव मिलिलिटरसुद्धा भरत नाही. त्यात पाच टक्के पॉलिमर, म्हणजे तासाभराच्या मेहनतीचे सुके १२ मिलिग्रॅम. एका चिपवर शेकडो गळे शेजारी शेजारी करून लोक हे वाढवतात, पण एक गळा तुंबला की शेजाऱ्यांचा फ्लो बदलतो आणि माप बिघडतं, ज्यासाठी सगळा अट्टहास केला तेच.

सध्या मी कैदी बदललाय. मेथिलीन ब्लूच्या जागी डेक्स्ट्रान, म्हणजे साखरेच्या कड्यांची लांब साखळी, रेणूचं वजन ७० किलोडाल्टन, हिरवट चमकणारं, पाण्यात पसरलेलं असताना साधारण १२ नॅनोमीटरचं, आणि ते नंतर भरायच्या ऐवजी थेंबातच घालते म्हणजे जाळं त्याच्याभोवती विणलं जातं. (हेच प्रोटीनच्या औषधाला करायचं तर पंचाईत, फ्री रॅडिकल्स त्यालाही सोडत नाहीत.) क्रॉसलिंकर दुप्पट केलाय. जाळी बारीक झाली म्हणून आकसणंही कमी झालंय, ८० चा गोळा आता ५५ वर थांबतो, त्याचं मला फार वाईट वाटत नाही. पंचाईत वेगळीच दिसतेय, आकसताना पाण्याबरोबर थोडं डेक्स्ट्रान भस्सकन बाहेर येतं आणि मग जाळी इतकी बंद होते की उरलेलं आतच बसतं, म्हणजे तापवून दार उघडायचं होतं ते तापवल्यावर लागतंय आणि थंड केलं की परत किलकिलं होतंय.

काल रात्रीची बॅच चारदा धुऊन झाली, वरचं पाणी चारही वेळा स्वच्छ, तळाशी दोन मिलिमीटरचा हिरवट थर. सलाईन अजून घातलेलं नाही. व्हिडिओही कोणाला पाठवलेला नाही.